उतरणीचे मालक

खोली बघायला म्हणून आम्ही दोघं मुलुंडला गेलो, तर मालकांनी आधी डोंगर दाखवला.

लग्नाला चारेक महिने झाले होते. गिरगावात थोरल्या भावाकडे दोन खोल्यांत आम्ही इतकी माणसं होतो की झोपताना कुणाचे पाय कुणाच्या उशाशी येतात ते बघायचं नाही असं ठरलेलं होतं. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, मुलुंडला अगदी डोंगराच्या पायथ्याशी एक कौलारू घर आहे, मागची खोली रिकामी आहे. मालक जरा विक्षिप्त आहेत, पण माणूस सरळ आहे.

ओट्यावर एक काटकुळे गृहस्थ खाकी हाफपँट आणि गंजीफ्रॉक घालून बसले होते. पन्नाशी उलटलेली, गाल आत गेलेले, पोटऱ्या मात्र घोटीव. मी नमस्कार केला, कशासाठी आलो ते सांगितलं.

"आहे खोली," ते म्हणाले. "आधी वर जाऊन येऊ."

मला वाटलं, खोलीला माळा असेल. मी छताकडे बघितलं. ते उठून अंगणात गेले आणि घरामागच्या डोंगराकडे बोट केलं. "वर."

भर दुपारी आम्ही डोंगर चढलो. माझ्या अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. बायकोच्या अंगावर लग्नातली जरीची साडी. मालक पुढे. माथ्यावर पोचल्यावर पलीकडच्या रानात चमकणारं विहार तलावाचं पाणी त्यांनी दाखवलं आणि म्हणाले, "आता तुम्ही पुढे उतरा. मी मागून येतो."

बायकोनं चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि माहेरच्या विहिरीवर निघाल्यासारखी उतरून गेली. मी बराचसा रस्ता बसून उतरलो.

खाली आल्यावर मालकांनी माझ्या पँटकडे बघितलं, मग तिच्याकडे. "खोली दिली," ते तिला म्हणाले. "तुला दिली. हे तुझ्याबरोबर राहू देत."

पुढे ओळख वाढल्यावर मी विचारलं की भाडेकरू निवडायची ही काय पद्धत. ते म्हणाले, "चढताना सगळे सारखेच. घाम गाळतात, नीट वागतात. उतरताना माणूस कळतो. कोण घाबरून बसतो, कोण उगाच उड्या मारतो, कोण बायकोचा हात सोडतो."

"मी तर बसलो होतो."

"बसलास. पण हिला हाक मारून थांबवलं नाहीस. तेवढं बरं वाटलं."

ते कुणालाही नावानं हाक मारत नसत. मी 'भाडेकरू', दूधवाला 'दूध', आमच्या बाजूच्या व्यायाममंडळाचे सेक्रेटरी 'चिटणीस'. स्वतःच्या बायकोला मात्र ते 'अगो' म्हणत. तीही त्यांना 'हे' म्हणे, त्यामुळे इतकी वर्षं त्या घरात काढून त्यांचं नाव मी फक्त भाड्याच्या पावतीवर वाचलं. आम्हीही त्यांना 'मालक' आणि तिला 'काकू' म्हणत राहिलो.

सपाट जमिनीवर ते कधीही धावले नाहीत. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांना चालताना बघून अनोळखी माणसाला वाटावं, आजारी आहेत बिचारे. एकदा शेजाऱ्यांच्या शेळीनं त्यांचं धुतलेलं धोतर दोरीवरून ओढलं आणि ती भर रस्त्यातून सुटली. काकू आरडाओरडा करताहेत, पोरं मागे धावताहेत, आणि हे हात मागे बांधून सावकाश चाललेत. शेळी गल्लीतून वळली, ओहोळ ओलांडून डोंगराला लागली. "हां," मालक म्हणाले, "आता माझ्या हद्दीत आली." पुढचं मला नीट दिसलंच नाही. निवडुंगांच्या मधून काहीतरी खाकी वर सरकलं, आणि थोड्या वेळानं ते खांद्यावर धोतर टाकून खाली आले. शेळी त्यांच्या मागून मुकाट्यानं येत होती.

हे सगळं कसं सुरू झालं ते काकूंनी एका दुपारी माझ्या बायकोला सांगितलं. मालक मूळचे मालवणकडचे, तरुणपणी परळच्या एका कापडगिरणीत लागले. वीसेक वर्षं कापसाची धूळ छातीत गेली. शेवटी शेवटी जिना चढवेना, बोलवेना. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेवर न्या, एखादा पावसाळा काढतील. काकूंनी भावाच्या ओळखीनं ही डोंगराखालची जागा बघितली. मालकांना इथं खाटेवरून आणलं, शेवटचे दिवस काढायला.

"मरूक हाडलंय मी हेंका हंय," काकू म्हणाल्या, "आणि हे बघा कसे धावतत."

पहिल्या दिवशी ते परसातल्या आंब्यापर्यंत गेले आणि बसले. काही दिवसांनी ओहोळापर्यंत. मग पहिल्या कातळापर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं. रोज कालच्यापेक्षा एक झुडूप पुढे, एवढंच. काकू खाली उभ्या राहून बघत. ज्या दिवशी ते माथ्यापलीकडे दिसेनासे झाले त्या दिवशी त्या अंगणात बसून रडल्या. आणि मग ते धावत खाली आले. तोवर त्या माणसाला धावताना काकूंनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांच्या छातीतून चढताना तेव्हाही सूं सूं आवाज यायचा. चढावर तरुण पोरं त्यांना सहज मागे टाकत. पण उतरणीवर त्यांच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मला शिकवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. "पायाकडं बघू नको रे. पायाला त्याचं काम येतं. तू पुढचं बघ."

व्यायाममंडळ दर थंडीत डोंगरावरची लांब शर्यत भरवायचं. मुलुंडहून पहाटे सुटायचं, डोंगराच्या धारेनं उत्तरेला येऊरपर्यंत जायचं, तिथून पश्चिमेला रानात उतरून तुळशी तलाव, मग कान्हेरीच्या लेण्यांमागचा उंच डोंगर चढून पलीकडे बोरिवलीला. सगळी वाट दगडांची, करवंदीच्या जाळ्यांची, पुरुषभर गवताची. निम्मी पोरं मधूनच परत यायची. मालक दरवर्षी धावत. तिसऱ्याच्या वर त्यांचा नंबर कधी आला नाही, पण सगळी शर्यत पूर्ण करणाऱ्यांत त्यांच्या वयाचा दुसरा कुणी नव्हता.

मी सांगतोय त्या वर्षी चिटणीसांनी त्यांना नको म्हटलं. चिटणीस मोठे नियमाचे आणि सज्जन गृहस्थ. म्हणाले, "जंगलखात्याची परवानगी मुश्किलीनं मिळते. तुम्हाला काही झालं तर शर्यतच बंद होईल. सगळ्या पोरांचं नुकसान." मालक म्हणाले, "मला काही होणार नाही." चिटणीस म्हणाले, "रानात वाघरू आहे." मालक म्हणाले, "त्यालाही काही होणार नाही." शेवटी चिटणीसांनी मान्य केलं. मात्र त्या वर्षी धुकं फार पडत होतं, म्हणून त्यांनी छातीवरच्या नंबराच्या कापडाखेरीज प्रत्येक स्पर्धकाच्या गळ्यात एक शिट्टी बांधली. वाट चुकलात तर वाजवा.

मी आणि काकू सकाळी बोरिवलीला पोचलो. रानाच्या कडेला मोकळ्या जागेत छोटा मांडव होता, दोन बांबूंना दोरी बांधलेली. पहिला मुलगा आला, दुसरा आला. तिसरा आला तो मालक नव्हते. दुपार झाली तेव्हा यायचे ते सगळे आले, शर्यत मधेच सोडलेले दुसऱ्या वाटांनी घरी गेले, आणि मालकांचा पत्ता नाही. येऊरला उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं सांगितलं, ते चौथे होते, मजेत होते, शिट्टी वाजवत गेले. तुळशीवरच्या स्वयंसेवकानं सांगितलं, ते आलेच नाहीत. म्हणजे मधल्या रानात कुठेतरी माणूस नाहीसा झाला होता.

बक्षिसं उरकली. लोक पांगले. चिटणीसांचा चेहरा उतरला. "काकू, आता पोलिसांत कळवायला हवं."

"कळवल्यार काय होतला?" काकूंनी विचारलं.

"शोध घेतील. आणि..." ते थांबले. "पुढल्या वर्षी परवानगी मिळणार नाही. पण माणसापुढे त्याचं काय?"

काकू मांडवातल्या बाकावर बसल्या होत्या. हातात पदराचं टोक. "दीस बुडासर थांबा," त्या म्हणाल्या. "ते येतले. शर्यत बंद झाली तर मगे मात्र ते खंय जातले, माका सांगा."

चिटणीसांनी पोलिसांकडे जाणं संध्याकाळपर्यंत लांबवलं. मी मंडळाची दोन पोरं बरोबर घेऊन कान्हेरीच्या वाटेला लागलो.

लेण्यांपर्यंत जाऊन आम्ही हाका मारल्या. उत्तर नाही. वरच्या कातळावर बसून पुन्हा हाका मारल्या. उन्हं कलली होती. समोर उंच डोंगराची उतरण, सगळी वाळल्या गवतानं पिवळी. बघता बघता त्या गवतात वरून खाली एक रेघ हलू लागली. वारा नव्हता. बाजूच्या पोरानं माझा दंड घट्ट धरला. "वाघरू," तो पुटपुटला.

गवत संपून काळा कातळ सुरू होतो तिथं ती रेघ बाहेर आली, आणि ते मालक होते.

आपल्याला कुणी बघतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, हवेत कठडे असावेत आणि त्यांना धरून उतरावं तसे. पाय खडकावर टेकतच होते की नाही कुणास ठाऊक. त्यांच्या पायांनी सुटलेले दगड त्यांच्या मागून गडगडत येत होते आणि ते दगडांच्या पुढे होते. एका जागी पाय घसरला. मी डोळे मिटणार, तोच त्यांनी त्या घसरण्याचंच वळण केलं आणि दुसऱ्या बाजूनं खाली आले. गुडघा फुटला होता, एका बुटाचा तळवा निघून चिंधीनं बांधलेला होता. आणि चेहरा? जेवण करून संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या माणसाचा असावा इतका निवांत. दिवसभर डोंगरात भरकटलेल्या, पन्नाशी उलटलेल्या, डॉक्टरांनी एक पावसाळा दिलेल्या माणसाचा तो चेहरा होता. मी उठून उभा राहिलो. का ते सांगता येणार नाही, पण देवळात उभं राहतो तसा उभा राहिलो.

ते अगदी जवळ आले तेव्हा त्यांना मी दिसलो.

"भाडेकरू! बाजूला हो!"

आणि ते आमच्या मधून गेले. आम्ही तिघं त्यांच्या मागे धावलो, दोघं तर विशीतली पोरं. आम्हाला ते पुन्हा दिसले ते मांडवाजवळच.

मांडव तोवर सोडला होता. चिटणीसांनी रानातून येणारं माणूस बघितलं आणि जमिनीवर पडलेली दोरी उचलली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. काकू उठल्या आणि त्यांनी ते टोक धरलं. मालकांनी छातीनं दोरी नेली, चार पावलं पुढं जाऊन थांबले.

"जेवलात?" काकूंनी विचारलं.

"भाकरी खाल्ली. कुठं ते विचारू नको."

मग काकूंनी जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चिटणीस पाठ फिरवून दोरी गुंडाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पाय शेकत बसलेले असताना मालकांनी मला खरी हकिगत सांगितली.

येऊर सोडल्यावर धुकं इतकं दाटलं की हात दिसेना. ते शिट्टी वाजवत चालले होते. अचानक पुढे काही माणसं धावताना ऐकू आली, मग धूसर दिसलीही. ते चौथे होते, म्हणजे हे पहिले तिघे! मालकांना चेव आला. त्यांनी जोरात शिट्टी फुंकली आणि पाठलाग सुरू केला. जितकी शिट्टी वाजे तितकी ती माणसं जास्त जोरानं पळत.

ते दारूबंदीचे दिवस. येऊरपलीकडच्या रानात हातभट्ट्या लागत हे सगळ्यांना माहीत होतं. धुक्यातून खाकी हाफपँट घातलेला माणूस शिट्टी फुंकत अंगावर आल्यावर भट्टीवरच्या तिघांनी काय समजायचं ते समजलं, आणि डबे पाठीवर टाकून पळत सुटले. सगळा डोंगर उतरून थेट उत्तरेला चेण्याच्या नदीपर्यंत मालक त्यांच्या मागे. नदीकाठी दोघं धापा टाकत आडवे झाले. तिसऱ्यानं, बारक्या नावाच्या पोरसवदा गड्यानं, हात जोडले.

"सायेब, मारू नका. आमी गरीब मानसं."

मालकांनी त्याच्या छातीकडे बघितलं. "तुझा नंबर कुठाय?"

कळायला दोघांनाही वेळ लागला. कळल्यावर त्या तिघांनी हसून हसून लोळण घेतली, यांना भाकरी आणि सुकट खाऊ घातली, फाटक्या लुंगीची चिंधी काढून बूट बांधून दिला आणि म्हणाले, समोर घोडबंदरचा रस्ता आहे, बैलगाडी मिळेल, गुमान घरी जा.

"मग गेला का नाहीत?" मी विचारलं. "परत वर कशाला चढलात?"

"चुकलो होतो तिथून पुढची शर्यत राहिली होती ना," ते म्हणाले. जणू मी विचारण्यासारखं काही विचारलंच नव्हतं.

पण त्यांच्या मनात घोळत होतं ते निराळंच. "भाडेकरू, मी उतरणीवर कुणाला सोडत नाही. पण तो बारक्या! पाठीवर भरलेला डबा, पायात काही नाही, आणि माझ्या हाती लागला नाही. नदी लागली म्हणून थांबला. काय उतरतो रे! मी कोण? मी काहीच नाही." असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर शर्यतीत नंबर आला तेव्हाही बघितला नव्हता.

त्या वर्षी दर रविवारी ते डोंगर ओलांडून चेण्याकडे जाऊ लागले. म्हातारा भट्टीवर जातो अशी कुजबुज मुलुंडात उठली. काकूंनी एकदा सगळ्यांसमोर त्यांचं तोंड हुंगलं आणि "धावूकच जातत," असं जाहीर केलं. पुढच्या थंडीत मालक बारक्याला घेऊन चिटणीसांसमोर उभे राहिले.

"नाव लिहा याचं."

चिटणीसांनी नाव विचारलं, गाव विचारलं. "धंदा?"

बारक्या जमिनीकडे बघू लागला. मालक म्हणाले, "पळायचा."

चिटणीसांनी दोघांकडे पाळीपाळीनं बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. शिट्टी मात्र त्या वर्षी कुणालाच दिली नाही.

मी आणि काकू पुन्हा बोरिवलीला मांडवात. या खेपेला गर्दी बरी होती, म्हणून बंदोबस्ताला एक शिपाई दोरीजवळ उभा होता. ऊन वर यायच्या आतच पोरं ओरडली, "आला, आला!" रानातून बारक्या बाहेर पडला. मागे कुणी दिसत नव्हतं. असं धावणं लोकांनी पाहिलं नव्हतं, टाळ्यांचा गजर झाला. दोरी हाकेच्या अंतरावर राहिली आणि बारक्याला शिपायाची टोपी दिसली.

तो जागच्या जागी वळला आणि डावीकडच्या झाडीत घुसला. गेला.

कुणाला काही कळेना. मला आणि काकूंना कळलं, पण बोलायची सोय नव्हती. एवढ्यात मालक आले. दुसरे. म्हणजे आता पहिले. इतक्या वर्षांत न मिळालेला पहिला नंबर समोर दोरीला टांगलेला होता. लोक ओरडत होते. चिटणीस स्वतः दोन्ही हात हलवून त्यांना बोलवत होते. मालक दोरीपाशी येऊन थांबले. गर्दीवरून नजर फिरवली, शिपायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी झाडीकडे बोट केलं.

ते वळले. छातीचा सूं सूं आवाज मला तिथपर्यंत ऐकू येत होता. इतके मैल डोंगर तुडवून आलेले ते गृहस्थ पुन्हा रानाच्या दिशेनं धावत गेले. सपाट जमिनीवरून धावत गेले.

मागून एक पोरगा आला आणि दोरी घेऊन गेला. मग दुसरा, तिसरा. काकू शांतपणे उठल्या आणि शिपायाजवळ गेल्या. "दादानू, वायच टोपी काढून बसा त्या झाडाखाली. लाडू हाडलेत मी, खावा."

शिपाई भला माणूस होता. बराच वेळ उभा राहून कंटाळलाही होता. त्यानं टोपी काढली आणि बसला.

पुष्कळ वेळानं दोघं झाडीतून बाहेर आले. बारक्या पुढे, मालक त्याच्या मागे, एका हातानं त्याच्या पाठीला हलकेच रेटत. दोरी केव्हाच तुटली होती. चिटणीसांनी ती गाठ मारून पुन्हा बांधली. बारक्या तिच्यातून गेला, पाठोपाठ मालक. टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्यांदा वाजवत होता तो शिपाई, उघड्या डोक्यानं, लाडवाचं तूप लागलेल्या हातांनी.

बारक्या त्याच्याकडे बघून दचकला. मालकांच्या कानाशी लागून त्यानं विचारलं, "त्यो कोन?"

"तो?" मालक धापा टाकत म्हणाले. "तुझं उतरणं बघायला आलाय."